गवारगम आणि अ‍ॅसिडची टाकी

टेबलावरची ही दोन काचेची भांडी बघा. दोन्हींत सारखंच पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आहे आणि एकाच पुडीतले लोखंडी खिळे आहेत. डावीकडे खिळ्यांवरून बुडबुडे भराभर वर येतायत. तो हायड्रोजन, म्हणजे तिथलं लोखंड विरघळतंय. उजवीकडे बुडबुडे तुरळक आहेत. त्या भांड्यात चिमूटभर गवारगम विरघळवलाय, म्हणजे गवारीच्या बियांतल्या गराचं पीठ. आइस्क्रीम दाट करायला वापरतात तेच.

हेच काम कारखान्यात पिकलिंगच्या टाकीत चालतं. गरम लाटलेल्या पोलादी पत्र्यावर ऑक्साइडची काळपट खपली असते. जस्ताचा मुलामा देण्याआधी ती काढावी लागते, म्हणून पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवतात. अ‍ॅसिडनं खपली खावी, खालचं पोलाद खाऊ नये, यासाठी टाकीत इन्हिबिटर घालतात. पूर्वी त्यासाठी मळी, वनस्पती तेलं असलं काही वापरायचे. पुढे कृत्रिम रसायनं आली, आणि त्यांतली काही जहरी आहेत. तेलविहिरीत अ‍ॅसिड सोडताना वापरलं जाणारं प्रोपार्जिल अल्कोहोल तर कातडीतूनही अंगात भिनतं. टाकीवर काम करणारा माणूस ते हाताळतो आणि टाकी धुतलेलं पाणी कुठेतरी जातंच. मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो तो यासाठी.

गवारगमचा रेणू म्हणजे मॅनोज या साखरेची लांबच लांब साखळी. साधारण दर दुसऱ्या कडीला गॅलॅक्टोजचा एक फाटा. साखळीभर ऑक्सिजनचे अणू आहेत आणि त्यांच्याकडच्या इलेक्ट्रॉनांच्या मोकळ्या जोड्या पोलादाचा पृष्ठभाग धरतात. लहान रेणूची पकड एकदोन ठिकाणी. ती सुटली की तो गेला. ही साखळी भिंतीवर चढलेल्या वेलीसारखी असंख्य ठिकाणी धरून असते. त्यामुळे लोखंड जिथे विरघळतं आणि हायड्रोजन जिथे सुटतो, त्या दोन्ही जागा झाकल्या जातात.

आता अडचणी. टाकी तापवली की गवारगमसारख्या पुष्कळ डिंकांची पकड ढिली होते. गरम अ‍ॅसिडमध्ये तर साखळीच तुटते, कारण साखरेच्या दोन कड्यांमधला बंध अ‍ॅसिडला टिकत नाही. शिवाय द्रावण करून ठेवलं की बुरशी धरते, आणि प्रत्येक पिकाचा डिंक सारखा नसतो. थोडं पोटॅशियम आयोडाइड घातलं तर बाभूळवर्गातल्या अरबी डिंकासारख्यांचा परिणाम वाढतो: आयोडाइड आधी धातूवर बसतं आणि त्याच्या ऋणभारावर अ‍ॅसिडमध्ये धनभारित झालेला पॉलिमर, म्हणजे डिंकाचा साखळीसारखा रेणू, येऊन बसतो. धातूची झीज नव्वद टक्के रोखल्याचे प्रयोगशाळेतले आकडे वाचताना मी आधी दोन गोष्टी बघतो: तापमान किती होतं आणि नमुना किती तास बुडवला होता. थंड अ‍ॅसिडमधल्या दोन तासांवरून गरम टाकीचा अंदाज बांधता येत नाही. पोलादावरचा निष्कर्ष अ‍ॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूलाही लावता येत नाही. त्यावरचा ऑक्साइडचा थर वेगळा, आणि ते अल्कलीतही विरघळतं.

तरीही मी गवारगमच्या बाजूचा आहे. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, तीही मुख्यतः राजस्थानात; माल हाताशी आहे. ज्यांची स्वतःची टाकी आहे त्यांनी एवढं करावं: आपल्याच पत्र्याचे तुकडे कापा, पुसून खपलीसकट वजन करा, आपल्याच अ‍ॅसिडमध्ये, आपल्याच तापमानाला, आपण ठेवतो तितका वेळ टांगा. काही तुकडे गवारगमसह, काही त्याच्याशिवाय. मग धुऊन, वाळवून पुन्हा वजन करा. किती ग्रॅम पोलाद वाचलं ते समोर येईल, आणि खपली नीट निघाली का तेही तिथेच दिसेल.