अर्जावर सही कुणाची

(पडद्यावर : संध्याकाळचा रिकामा वर्ग. बाकावर चहाचे कागदी कप, एक वही, सहासात जणांचे हात.)

या व्हिडिओत चेहरे फारसे दिसणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. हात दिसतील, बॅगा दिसतील, बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावं दिसतील. कॅमेरा लावायच्या आधी प्रत्येकाला विचारलं तर सातपैकी पाच जण म्हणाले, सर हात चालतील, चेहरा नको. एकीने तर अंगठी पण काढून बॅगेत टाकली, कारण ती अंगठी मावशीने दिलीय आणि मावशी दिवसभर यूट्यूब बघते.

ही पोरं काय करतायत तर अर्ज लिहितायत. साधा अर्ज. माननीय प्राचार्य यांस, विषय अमुक अमुक, महोदय, आम्ही खाली सह्या करणारे विद्यार्थी वगैरे. कॉलेजात वाङ्मय मंडळ काढा, ट्रेकिंग क्लब काढा, अर्ज हाच असतो. खाली तक्ता आखायचा, नाव, वर्ग, रोल नंबर, मोबाइल, सही. ट्रेकिंगच्या अर्जावर सह्या करायला झुंबड उडते. पण गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्स विद्यार्थ्यांचा गट काढायचा म्हटलं की तोच तक्ता आडवा येतो, कारण तो कागद आधी विभागप्रमुखांकडे जाणार, मग ऑफिसात, मग प्राचार्यांच्या टेबलावर, आणि आपल्याकडे कॉलेजच्या ऑफिसात कुणाचा ना कुणाचा काका असतोच. ज्या पोराने घरी अजून अवाक्षर काढलेलं नाही, ज्याची फी, मेसचे पैसे, मोबाइलचा रिचार्ज सगळं घरून येतं, त्याने त्या रकान्यात नाव लिहायचं म्हणजे काय, ते जरा त्याच्या जागी बसून बघा.

ही अडचण आजची नाही आणि एकट्या आपलीही नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९६० च्या दशकात रॉबर्ट मार्टिन नावाचा एक विद्यार्थी, जो पुढे स्टीफन डोनाल्डसन या नावाने ओळखला गेला, समलिंगी विद्यार्थ्यांचा गट काढायला निघाला. विद्यापीठ म्हणालं, मान्यता हवी ना, मग सभासदांची यादी द्या. आता यादी कशी देणार? तेव्हा न्यूयॉर्क राज्यात समलिंगी संबंध हा गुन्हा होता, यादी म्हणजे आपल्याच हाताने स्वतःला पकडून देणं. काम अडलं ते अडलंच. मग त्याने काय केलं, कॅम्पसवरच्या नावाजलेल्या विद्यार्थी नेत्यांना गाठलं आणि सांगितलं, तुम्ही नावापुरते सभासद व्हा, मी यादीत तुमची नावं देतो. ते तयार झाले. त्या नावांच्या आड बाकीच्यांची नावं झाकली गेली आणि १९ एप्रिल १९६७ ला ‘स्टुडंट होमोफाइल लीग’ला मान्यता मिळाली, अमेरिकेतल्या कॉलेजमधला असा हा पहिला मान्यताप्राप्त गट. स्टोनवॉलचं प्रकरण, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली आणि समलिंगी लोक उलटून उभे राहिले ते, व्हायला अजून दोन वर्षं होती.

मला ही गोष्ट कळली तेव्हा मी बराच वेळ त्या यादीचाच विचार करत बसलो होतो. त्या पोरांनी भाषण ठोकलं नाही, मोर्चा काढला नाही, फक्त नाव वापरायला दिलं. हल्ली ज्याला आपण अलाय म्हणतो ना, म्हणजे स्वतः त्यातला नसूनही साथ देणारा, त्याचं काम हे आहे. पवईच्या आयआयटीत २०११ पासून जो गट आहे त्याचं नाव तर सरळ ‘साथी’च आहे, मला तो शब्द अलायपेक्षा जवळचा वाटतो.

(पडद्यावर : हॉस्टेलचा जिना, वाळत घातलेले टॉवेल.)

आता माझं सांगतो, कारण ते न सांगता पुढे बोलणं बरोबर नाही. २ जुलै २००९ ला दिल्ली हायकोर्टाने ३७७ कलमाबद्दल निकाल दिला, दोन सज्ञान माणसांचे संमतीने असलेले संबंध गुन्हा नाहीत म्हणून. मी तेव्हा हॉस्टेलला होतो. आमच्या विंगमधला एक मित्र पेपरातलं कात्रण घेऊन आला, म्हणाला यावर एखादं व्याख्यान ठेवूया, कुणीतरी वकील बोलवू, मी अर्ज लिहितो, तू वर्गाचा प्रतिनिधी, सीआर आहेस तर पहिली सही तू कर. मी म्हणालो इंटर्नल होऊ दे मग बघू. इंटर्नल झाली. मग म्हणालो गॅदरिंग होऊ दे. त्याने परत विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं की पहिली सही माझी दिसली तर लोक मलाही त्यातलाच समजतील, आणि विंगमध्ये ‘बायल्या’ हा शब्द किती सहज फेकला जायचा ते मला पक्कं माहीत होतं कारण फेकणाऱ्यांत कधीकधी मीही असायचो. तो मित्र आज दुसऱ्या शहरात आहे, बरा आहे, फोन होतात, पण तो अर्ज आमच्या बोलण्यात कधी निघत नाही.

त्या निकालानंतर सात महिन्यांची गोष्ट. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस मराठी शिकवायचे. नागपूरचे, मराठी कवी, तिथल्या आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, खासगी क्षणांचं चित्रण केलं, आणि विद्यापीठाने कारवाई केली ती सिरस सरांवर, त्यांना निलंबित केलं. घुसले दुसरे आणि घर सोडायची पाळी यांच्यावर. ते अलाहाबाद हायकोर्टात गेले, एप्रिलच्या सुरुवातीला कोर्टाने निलंबनाला स्थगिती दिली. आणि ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. आपल्या भाषेचा एक मास्तर, घरापासून हजारेक किलोमीटरवर, मराठी शिकवणारा. देशभरातून त्यांच्या बाजूने लोक बोलले, हे खरंय. पण मी स्वतः आता स्टाफरूममध्ये बसतो त्यामुळे मला दुसराच प्रश्न पडतो, त्या दोन महिन्यांत शेजारच्या टेबलावरून उठून किती जण त्यांच्या दारापर्यंत गेले असतील?

डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीचा तो निकाल फिरवला आणि सगळं परत होतं तिथे. मग मे २०१८ मध्ये आयआयटीच्या २० आजी-माजी विद्यार्थ्यांनी सुप्रीम कोर्टात याचिका टाकली. स्वतःच्या नावानिशी. जो कायदा तुम्हाला गुन्हेगार म्हणतो त्याच कायद्याच्या दारात जाऊन आपलं खरं नाव लिहायचं, हे मी करू शकलो असतो का, मला नाही वाटत. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला आणि संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ चा भाग गेला.

त्यामुळे आज कागदावर पोरांच्या हातात बरंच काही आहे आणि बहुतेक कॉलेजात ते कुणाला माहीतच नसतं, म्हणून पटकन सांगतो. यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगच्या नियमात दुरुस्ती करून स्पष्ट लिहिलंय की लैंगिक कल किंवा ट्रान्सजेंडर असण्यावरून त्रास देणं, वाळीत टाकणं हेसुद्धा रॅगिंगच. त्याची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचा २०१९ चा कायदा सांगतो की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने ट्रान्स विद्यार्थ्यांना भेदभाव न करता शिकू द्यायचं, खेळात, कार्यक्रमांत घ्यायचं. अर्ज लिहिताना हे दोन संदर्भ घाला. ‘हे कुठल्या नियमात बसतं’ असं विचारणाऱ्याला उत्तर तयार असलं की अर्धं काम होतं, हा आमचा अनुभव आहे.

(पडद्यावर : फोनवर टाइप करणारा हात. ग्रुपचं नाव दिसतं, ‘प्रॅक्टिकल बॅच ड’.)

गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप या नावाने आहे. घरी फोन तपासला जातो म्हणून.

आणि आता लीडरबद्दल. सगळे म्हणतात विद्यार्थी नेतृत्व पाहिजे, पण ते नेतृत्व रोज काय करतं ते कुणी बघत नाही. आमच्याकडे गेली दोन वर्षं गट सांभाळणारी मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे. तिला रात्री दीडला फोन येतो, कुणाच्या घरी कळलंय, कुणाला वडिलांनी कॉलेज बंद करून गावी बोलावलंय, कुणाचं ब्रेकअप झालंय आणि ते दुसऱ्या कुणालाच सांगता येत नाही. सकाळी साडेसातला हिचं लेक्चर असतं. ती समुपदेशक नाही हो, वीस वर्षांची पोर आहे, आणि तिची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेला बसू देणार नाहीत. एक सेमिस्टर तिचा विषय राहिला तेव्हा मला कळलं की आम्ही मोठे लोक टाळ्या वाजवत होतो आणि ओझं सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर होतं. मग एक ठरवलं, रात्रीचे फोन एकटीने घ्यायचे नाहीत, शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करायचा, आणि कॉलेजच्या समुपदेशक मॅडमना आधी भेटून विचारायचं की या विषयाची त्यांना माहिती आहे का, आणि नसेल तर शिकायची तयारी आहे का. मॅडम म्हणाल्या, माहिती थोडी आहे, तयारी आहे. एवढं पुरलं.

दुसरी गोष्ट वारसा. कॉलेजातला कुठलाही गट तीन वर्षांत मरू शकतो कारण लीडर पास होऊन जातो. म्हणून ही वही. कुठल्या हॉलसाठी कुणाला भेटायचं, कोणत्या वक्त्याने प्रवासखर्च घेतला नाही, पोस्टर कुठे फाडलं गेलं आणि कुठे टिकलं (लायब्ररीच्या आतल्या बोर्डवर टिकतं), नवीन पोरगं पहिल्यांदा आलं तर त्याला काहीही विचारायचं नाही, फक्त चहा द्यायचा. सगळं लिहिलेलं आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत २०१७ मध्ये जेंडर न्यूट्रल, म्हणजे मुलांचं-मुलींचं असा भेद नसलेल्या हॉस्टेलची सोय झाली ती विद्यार्थ्यांच्या क्वीअर गटाने, म्हणजे आमच्यासारख्याच गटाने पाठपुरावा केला म्हणून, आणि पाठपुरावा म्हणजे बॅचमागून बॅच तीच मागणी तितक्याच चिकाटीने परत परत मांडत राहणं, दुसरं काय.

मोठ्या शहरात इंग्रजी शब्द हाताशी असतात. पण आमच्या गटात जी पोरं सोलापूर, बीडकडून येतात त्यांना स्वतःबद्दल आईशी बोलायला शब्दच नसतो, असतात त्या शिव्या. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीत लिहीत राहिले, त्याचं मोल मला ही पोरं भेटल्यावर समजलं. वहीच्या मागच्या पानांवर मुलांनी स्वतःची यादी केलीय, समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, आणि एकाने लिहिलंय ‘आईला सांगताना : मी तुझाच आहे, एवढं आधी म्हणायचं’.

साथ द्यायची म्हणजे नेमकं काय, असं मला सहकारी विचारतात. मी म्हणतो हजेरी रोल नंबरने घ्या. खरंच. ज्या विद्यार्थिनीचं कागदावरचं नाव मुलाचं आहे, तिला रोज साठ जणांसमोर त्या नावाने ‘हजर’ म्हणावं लागतं, रोल नंबर घेतला की तेवढा त्रास वाचतो आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. सांस्कृतिक सचिव असाल तर गॅदरिंगला साडी नेसलेल्या मुलाची टिंगल करणारं स्किट निवडू नका. हॉल तुमच्या नावावर बुक करा. कार्यक्रमाच्या वेळी दाराशी उभे राहा, म्हणजे फोटो काढायला आलेल्याला थांबवता येईल. आणि माइक त्यांच्याकडे राहू द्या. मी असं एक चर्चासत्र पाहिलंय जिथे स्टेजवर चारही जण पाठिंबा देणारे होते आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती पोरं मागच्या रांगेत गप्प बसली होती, ते मला फार लागलं.

आणि माहिती नसेल तर तसं म्हणा. २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यापुढे घर सोडून आलेल्या दोन तरुणींचं प्रकरण होतं. न्यायमूर्तींनी उघड सांगितलं की मला हा विषय अजून पुरता कळलेला नाही, आणि निकालाआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे बसून समजून घेतलं. मग दिलेल्या आदेशात लैंगिक कल ‘बरा’ करण्याच्या उपचारांना मनाई केली. हायकोर्टाचा न्यायाधीश शिकायला बसू शकतो, मग आपल्याला स्टाफरूममध्ये कसली लाज?

(पडद्यावर : ऑफिसची खिडकी. अर्ज धरलेले दोन हात.)

तर तो अर्ज. या वर्षी तक्त्यात अकरा नावं आहेत. पहिली सही कबड्डी टीमच्या कॅप्टनची, मग एनएसएसचे दोघं, मग वाङ्मय मंडळाची सचिव. त्यातले गटाचे किती आणि साथ देणारे किती, हे कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. प्रभारी शिक्षक या ओळीवर माझं नाव आहे.

खिडकीतल्या काकांनी अर्ज घेतला, चष्मा वर करून पूर्ण वाचला, आमची कॅप्टन तशीच उभी. म्हणाले, हे कशाचं मंडळ आहे गं? तिने सांगितलं. सरळ सांगितलं, आवाज न उतरवता. काकांनी परत एकदा नावांवरून नजर फिरवली, शिक्का शाईत दाबला, आवक नंबर टाकला आणि म्हणाले,

“एक झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा. इथले कागद हरवतात.”