राखीव काम मिळालं, पुढे काय?

नमस्कार, श्रोतेहो.

मुंबईत गटारं, रस्ते, शाळांची दुरुस्ती अशी सरकारी कामं करणाऱ्यांमध्ये राखीव कामांचा, म्हणजे मागास समाजातल्या ठेकेदारांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कामांचा, विषय निघाला, की वाद ठरलेला. जुना ठेकेदार म्हणतो, "अनुभव बघा." मागास समाजातून आलेला नवा अभियंता विचारतो, "कामाशिवाय अनुभवाचा दाखला नाही आणि दाखल्याशिवाय काम नाही. मग आम्ही शिरायचं कुठून?" मला त्याचंच पटतं.

केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांसाठी 4 टक्के खरेदी ठेवलेली आहे. महिलांसाठीचे 3 टक्के नंतर आले. पण हे वस्तू आणि सेवांपुरतं, बांधकामाच्या ठेक्यांना नाही. म्हणजे शाळेला बाकं पुरवणाऱ्याला सवलत, शाळा बांधणाऱ्याला नाही! कर्नाटकाने मात्र ठरावीक रकमेपर्यंतच्या ठेक्यांतच अनुसूचित जाती-जमातींसाठी 24.1 टक्के राखून ठेवले. आपल्याकडे बांधकाम खात्याची लहान कामं 33 टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंते, 33 टक्के मजूर सहकारी संस्था आणि 34 टक्के खुले ठेकेदार अशी वाटतात. इथे जात बघत नाहीत.

बरं, काम मिळालं. सिमेंट आणि सळई उधारीवर येते, पण मजुरांचा हप्ता शनिवारी रोख लागतो. खात्याचे साहेब येऊन मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, खोली चढवणार, त्यावर बिल बनणार, ते टेबलाटेबलांवरून फिरणार आणि निधी आला असेल तर पैसे. कामाच्या हमीपोटी भरलेली अनामत अडकलेली ती वेगळीच. घरचं भांडवल असलेला तग धरतो. नसलेला खाजगी व्याजाने पैसे उचलतो, नाहीतर चार पैसे घेऊन आपलं नाव दुसऱ्याला वापरू देतो. मग कागदावर हा ठेकेदार आणि साइटवर भलताच.

दक्षिण आफ्रिकेतही कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सक्षमीकरणाचा 2003 चा कायदा असाच पोखरला गेला. शेवटी 2013 च्या दुरुस्तीने नावापुरता मालक उभा करणं हा गुन्हा ठरवला. आपण नाव भाड्याने देणाऱ्यावर चिडतो, पण त्याचं बिल कुठे अडलंय ते कोणी विचारत नाही.

लघुउद्योगांना 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे. तो ठेक्याच्या कामांना लागू होतो का, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. टक्का वाढवा, असं नव्या ठेकेदारांच्या तोंडून मी क्वचितच ऐकतो. अनामत कमी करा आणि बिलाला तारीख द्या, हेच मागणं असतं.