आवडलं म्हणू नका, काय दिसलं ते सांगा

(कोल्हापुरात हौशी चित्रकार आणि लिहिणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘चित्र, कविता आणि रंग : प्रेरणेच्या वाटा’. वाटा पुष्कळ असतील. मी मात्र आज एकाच माणसाच्या एकाच महिन्याबद्दल बोलणार आहे. १९०७ चा ऑक्टोबर, पॅरिस, आणि राइनर मारिया रिल्के नावाचा जर्मन भाषेतला कवी. वय एकतीस. खिशात पैसे नाहीत, भाड्याची खोली, बायको क्लारा दूर उत्तर जर्मनीत, वोर्प्सवेड नावाच्या गावात. ती शिल्पकार, रोदँ या फ्रेंच शिल्पकाराकडे शिकलेली. रिल्के स्वतः काही काळ रोदँच्या घरी राहून त्याचा पत्रव्यवहार सांभाळत होता आणि १९०६ च्या मे महिन्यात रोदँनं त्याला तडकाफडकी काढूनही टाकलं होतं. पण रोदँकडून तो एक गोष्ट शिकून आला होता: लहर येण्याची वाट बघत बसायचं नाही, रोज कामाला बसायचं.

त्या ऑक्टोबरात ग्राँ पॅले या इमारतीत ‘सालों दोतोन’ हे शरद ऋतूतलं वार्षिक प्रदर्शन भरलं होतं. पॉल सेझान हा चित्रकार आदल्या वर्षी याच महिन्यात वारला होता. उघड्यावर चित्र काढत असताना वादळी पावसात सापडला, आणि आठवड्याभरात गेला. त्याच्या स्मरणार्थ या प्रदर्शनात त्याची छप्पन्न कामं लावली होती. रिल्के ६ ऑक्टोबरला पहिल्यांदा गेला, मग पुन्हा गेला, आणि प्रदर्शन संपेपर्यंत जातच राहिला. घरी येऊन क्लाराला पत्रं लिहायचा, जवळजवळ रोज. ही पत्रं पुढे, १९५२ मध्ये, पुस्तकरूपानं आली. चित्र बघून लिहिणाऱ्या माणसाच्या आत काय घडतं, याची इतकी तपशीलवार नोंद माझ्या वाचनात दुसरी नाही.

तर या पत्रांत काय आहे? पहिल्यांदा सांगतो काय नाही ते. ‘भारावून गेलो’ नाही. उलट एका पत्रात तो म्हणतो की बराच वेळ चित्रासमोर उभं राहावं तर काहीच होत नाही, आणि मग अचानक डोळे बरोबर लागतात. हा मधला ‘काहीच होत नाही’चा वेळ आपण कोणी सोसत नाही. दालनात शिरलो की दहा सेकंद चित्र, वीस सेकंद शेजारची पाटी, एक फोटो, पुढे. फोनवर तर तेवढंही नाही. प्रेरणेसाठी म्हणून लोक चित्रं साठवतात, फोल्डर करतात. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करून पोट भरतो, माझ्याकडेही असे फोल्डर भरपूर आहेत. त्यातून मला आजवर फार तर रंगसंगती चोरता आलीय.

रिल्केबरोबर एकदा माटिल्ड फोलम्योलर नावाची चित्रकार मैत्रीण प्रदर्शनाला आली होती. ती सेझानबद्दल म्हणाली, हा माणूस कुत्रा बसतो तसा समोर बसून नुसता बघत राहिला असणार, उतावीळपणा नाही, मनात दुसरा हेतू नाही. रिल्केला ते इतकं पटलं की त्यानं ते लगेच पत्रात उतरवलं. मलाही ते फार आवडतं, कारण चित्रकाराच्या बघण्याला आपण सहसा गरुडाची नाहीतर योग्याची उपमा देतो.

आता रंगाकडे येऊ. सेझानचा निळा बघून रिल्केला वाटलं की एखाद्यानं निळ्या रंगाचं चरित्रच लिहावं: पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या भिंतींवरच्या मेणासारख्या दाट निळ्यापासून सुरुवात, मग अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार शार्दँ, मग सेझान. आणि पत्रांमध्ये तो हे निळे वेगळे करत जातो. ओला गडद निळा, वादळाचा निळा, साध्या सुती कापडाचा निळा. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. साडीच्या दुकानात कोणतीही काकू ‘निळी दाखवा’ म्हणून थांबत नाही. मोरपंखी, चिंतामणी, आनंदी, जांभळाकडे झुकणारा, धुतल्यावर फिका पडेल असा, इतकं सगळं तिला दिसत असतं आणि बोलताही येत असतं. तीच काकू कवितेची वही उघडते आणि लिहिते, ‘निळे आकाश’. दुकानात जे डोळे होते ते वहीपाशी कुठे जातात?

माझ्या मते ते आवडीनिवडीच्या मागे लपतात. आणि इथे रिल्केचं १३ ऑक्टोबरचं पत्र येतं. त्यात तो म्हणतो, चित्रकार ‘हे मला फार आवडतं’ असं रंगवतात. रंगवायला हवं ते ‘हे इथे आहे’ असं. प्रेम असतंच, पण ते काम करता करता कामातच खर्च होऊन जायला हवं. बघणाऱ्याला तुमचं प्रेम वेगळं दिसलं, म्हणजे ते पुरतं वापरलं गेलं नाही.

हे ऐकायला कोरडं वाटतं. म्हणून आपल्या घरचं उदाहरण घेऊ. बालकवी. रिल्केपेक्षा पंधराएक वर्षांनी लहान, खानदेशातल्या धरणगावचे, १९१८ साली भादलीच्या रेल्वे रुळांवर अपघातात गेले, अठ्ठावीसही पूर्ण झाले नव्हते. रिल्के त्यांनी वाचला असण्याची काहीच गरज नाही. त्यांची ‘औदुंबर’ सगळ्यांना पाठ आहे, शाळेनं करून घेतलीय. आज ती अर्थासाठी नको, फक्त रंगासाठी वाचू.

आठ ओळी. ‘ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन’: हिरवा. ‘निळासावळा झरा वाहतो’: निळा, आणि नुसता नाही, सावळ्यात मिसळलेला. मग चार घरांचं गाव, तिथे रंग नाही. शेतमळ्यांची ‘हिरवी गर्दी’: दुसरा हिरवा, हा दाट. ‘पायवाट पांढरी’: सगळ्या हिरव्यातून एक आडवीतिडवी पांढरी रेघ. ती हिरव्या कुरणांतून ‘काळ्या डोहाकडे’ चाललीय. मग लाटांवर पसरलेला ‘गोड काळिमा’. म्हणजे उजेडाच्या हिरव्यापासून डोळा त्या पांढऱ्या वाटेवरून चालत काळ्यापर्यंत येतो. चित्रकार याला नजर फिरवणं म्हणतात. आणि शेवटच्या ओळीत, जिथे सगळी कविता येऊन थांबते तिथे, औदुंबराला रंगच दिलेला नाही! ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.’ इतका वेळ रंग मोजून दिले आणि मुख्य गोष्टीपाशी कुंचला खाली ठेवला. ‘असला’ म्हणून नुसतं बोट दाखवलं.

या कवितेत ‘मी’ कुठेच नाही. उदास वाटलं, मन भरून आलं, काही नाही. म्हणून तर समीक्षक इतकी वर्षं भांडतायत की हा औदुंबर विरक्त आहे, उदास आहे, की नुसतं झाड आहे. भांडोत. बालकवींच्याच दुसऱ्या कवितांत हर्ष आणि आनंद उघडपणे येतात, त्याही मला आवडतात. पण लिहायला बसताना मदत होते ती ‘औदुंबर’ची. तिच्यातली मांडणी उचलता येते, त्यांचा हर्ष उचलता येत नाही.

परत पॅरिसला जाऊ. २२ ऑक्टोबरला प्रदर्शन बंद झालं. त्या दिवशी रिल्के एकाच चित्राबद्दल लिहितो: लाल आरामखुर्चीत बसलेली सेझानची बायको. चित्र आज बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. मातकट हिरवी भिंत, तिच्यावर मधूनमधून येणारी निळी नक्षी, लाल गुबगुबीत खुर्ची, हिरवट पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा स्कर्ट, निळसर करडं जाकीट, गळ्याशी हिरवी झाक असलेला निळा बो. चेहऱ्याच्या भावांबद्दल, ती सुखी होती की नव्हती याबद्दल अवाक्षर नाही. तो म्हणतो, या चित्रातल्या प्रत्येक जागेला बाकीच्या सगळ्या जागांची जणू खबर आहे. हे वाक्य कथा लिहिणाऱ्यांनी, गझल लिहिणाऱ्यांनी, स्वयंपाकघराच्या फरश्या निवडणाऱ्यांनीसुद्धा जवळ ठेवावं.

त्याच पत्रात अशी तक्रारही आहे की इतक्यांदा, इतकं निरखून बघूनही ते चित्र पुष्कळ आकड्यांच्या एखाद्या संख्येसारखं आठवणीतून निसटायला लागलंय. बाहेर पडतानाच वाटत होतं, तो जांभळा, तो हिरवा, अमुक एक निळा अजून नीट बघायला हवा होता. चित्राशी इतक्या दिवसांचा संबंध ठेवलेल्या माणसाची ही स्थिती, मग एकदा दालनातून चक्कर मारून आलेल्या आपल्याला काय आठवणार?

आता प्रेरणेचा मूळ मुद्दा. सेझाननं रिल्केला कवी केलं का? नाही. निळ्या हायड्रेंजियाच्या फुलावरची त्याची कविता आदल्या वर्षीची, जुलै १९०६ ची आहे. त्यात पाकळ्यांना पत्र लिहायच्या जुन्या निळ्या कागदाची उपमा आहे, ज्यात आता पिवळा, जांभळा, करडा उतरलाय. लहान मुलाच्या धुऊन विटलेल्या एप्रनची आहे. हे डोळे सेझानच्या आधीचे. रिल्के स्वतःच १८ ऑक्टोबरला हे लिहितो: या चित्रांतलं वळण मला ओळखू आलं, कारण माझ्या कामात मी नुकताच त्या वळणावर पोचलो होतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की चित्रासमोर जाताना तुमचं काहीतरी अर्धवट, अडलेलं काम डोक्यात हवं. ज्याचं काही अडलेलं नाही त्याला चित्र सुंदर दिसेल, आणि तेही काही वाईट नाही, पण त्याला त्यातून पुढचं पाऊल मिळणार नाही. ‘सुचत नाही म्हणून चित्रं बघतो’ असं मला बरेच जण सांगतात. मी म्हणतो, आधी वाईट का होईना, पानभर लिहा. अडा. मग बघा.

एक नाव अजून घ्यायचंय. पाउला मोडरझोन-बेकर, वोर्प्सवेडचीच चित्रकार, क्लाराची जिवलग मैत्रीण. १९०० सालीच पॅरिसमध्ये व्होलार या चित्रविक्रेत्याच्या दुकानात तिनं सेझानची चित्रं शोधून क्लाराला दाखवली होती, रिल्केच्या कितीतरी आधी. हे ऐकून तुम्ही हसताय, पण आधी बाईनं बघायचं आणि नाव पुरुषाचं व्हायचं, हे कलेच्या इतिहासात फार वेळा झालंय. १९०७ च्या त्याच ऑक्टोबरात तिला ती छप्पन्न चित्रं बघायला पॅरिसला जायचं होतं, जाता आलं नाही, दिवस भरत आले होते. तिनं क्लाराकडून सेझानबद्दल ऐकायचं ठरवलं. नोव्हेंबरात मुलगी झाली आणि २० तारखेला पाउला गेली. वय एकतीस.

वर्षभरानं रिल्केनं तिच्यासाठी दीर्घ शोककविता लिहिली. सेझानवर तो कविता लिहीत बसला नव्हता. सेझानसमोर शिकलेलं इथे येऊन लागू पडलं. तिनं फळं ताटलीत मांडून त्यांचं वजन रंगांनी तोललं, असं तो म्हणतो, आणि तिनं स्वतःकडेही तसंच बघितलं, असं म्हणतो. आरशासमोर उभी राहून ती ‘ही मी’ म्हणाली नाही, ‘हे आहे’ म्हणाली. ‘हे इथे आहे’ हे वाक्य आठवतंय ना, १३ ऑक्टोबरचं? एका पत्रातली चित्रकलेवरची टिप्पणी वर्षभरानं माणसाच्या मृत्यूवरच्या कवितेत पोचली. मधल्या वर्षात ती आत कशी मुरली असेल ते कोणी बघू शकत नाही.

रिल्केचं सगळंच घेऊ नका, हेही सांगतो. कलेसाठी बायको आणि लहान मुलगी लांब ठेवून एकांत सांभाळायचा, हे त्याचं जगणं होतं, आणि त्याची किंमत क्लारानं मोजली. सेझानही आईच्या अंत्ययात्रेला गेला नाही, कामाचा दिवस वाया जाईल म्हणून. ते रिल्के आदरानं सांगतो. मला त्यात आदर वाटत नाही.

आता तुम्ही काय करायचं. पॅरिस, बॉस्टनची गरज नाही, आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये जा. तिथे आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. शाहू महाराजांच्या काळातले दरबारी चित्रकार, कोटितीर्थ तलावाकाठी राहिले, आणि याच परिसरातलं पाणी, झाडं, उजेड रंगवत राहिले. एकच निसर्गचित्र निवडा. पाटी वाचू नका, फोटो काढू नका, वही आणि पेन्सिल घ्या. छान, सुंदर, अप्रतिम हे शब्द त्या दिवसापुरते बंद. कुठे कोणता रंग आहे आणि त्याच्या शेजारी कोणता, एवढंच लिहायचं. पाण्याला पहिला शब्द ‘निळं’ सुचेल, तो खोडा आणि पुन्हा बघा. बऱ्याचदा तिथे निळा फार थोडा असतो. कंटाळा आला की निघू नका, बसायला बाक असेल तर बसा. घरी येऊन आबालालांवर कविता लिहायची नाही. तुमची जी कथा, जे चित्र, जी कविता तिसऱ्या परिच्छेदात किंवा डाव्या कोपऱ्यात अडलीय, ती काढायची आणि त्या यादीच्या शेजारी ठेवून कामाला लागायचं. यादीतलं काही उपयोगी पडलं नाही तर पुढच्या रविवारी शेजारचं चित्र घ्या.

विचारा आता काय विचारायचंय ते. मागून सुरुवात करू, पुढचे लोक नेहमीच विचारतात.