व्होल्ट कुठं गळतात?

(परभणीत जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आधी माझ्या फियाटचा किस्सा सांगतो, म्हणजे पुढची आकडेमोड जड जाणार नाही. गाडी प्रीमियर पद्मिनी, आणि सगळं वायरिंग मीच अंगणात बसून नव्यानं ओढलेलं. वायर घराच्या कामातून उरलेली, एकची, म्हणजे एक चौरस मिलिमीटर तांब्याची. रात्री जिंतूर रोडला लागलो तर समोरून येणाऱ्या बैलगाडीचा कंदील माझ्या हेडलाइटपेक्षा बरा वाटला. शेजारचा वायरमन म्हणाला, "भाऊ, लाइट लागायले ना, मग झालं की!"

दुसऱ्या दिवशी इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, बल्बच्या टोकांवर ११.५. दोन व्होल्ट वाटेतच गळाले होते. तेवढ्यानं काय बिघडतं, असं वाटेल. पण फिलामेंटचा बल्ब फार नाजूक मिजाशीचा. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड तीसेक टक्के उतरतो.

आता हिशेब करू. ६० वॅटचे दोन बल्ब, मिळून १२० वॅट. भागिले १२, म्हणजे १० अँपिअर. एकच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०१७५ ओहम. बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचला आणि तिथून पुन्हा पुढं दिव्याला, असा पाच मीटरचा प्रवास. अँपिअर, रोध आणि मीटर यांचा गुणाकार केला की ०.८७ व्होल्ट नुसत्या वायरीत जातात. तीच वायर अडीचची असती तर ०.३५. हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत, आणि आपल्याकडे मे महिन्यात बॉनेटखाली काय भट्टी असते ते तुम्हाला माहीतच. ६० अंशाला तांब्याचा रोध सोळा टक्क्यांच्या आसपास वाढतो.

म्हणून दुकानात जाऊन "दहा अँपिअरची वायर द्या" म्हणू नका. दहा अँपिअरला एकची वायर जळत नाही, पण लांबी जास्त असली की दिवा मंदच राहतो. अँपिअर आणि मीटर, दोन्ही कागदावर लिहा. दिव्यांच्या वाटेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त जाऊ देऊ नये, असा माझा दंडक. मागच्या पाच वॅटच्या दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही, तिथं एकची भरपूर झाली. सगळीकडे जाड वायर ओढणारेही भेटतात. मग टर्मिनल बसत नाही, नळीत गुंता होतो आणि चार तारा कापून कशीबशी कोंबतात. त्या कापलेल्या चार तारा म्हणजे वायर पुन्हा बारीकच झाली की!

बरं, उरलेला सव्वा व्होल्ट कुठं गेला? स्विचचे झिजलेले कॉन्टॅक्ट, फ्यूज बॉक्सच्या गंजलेल्या क्लिपा आणि अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडं जाणारी करंटची परतीची वाट. दिव्यांजवळ रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवला, बॅटरीवरून अडीचची वायर फ्यूजमधून थेट रिलेला दिली, की डॅशबोर्डच्या स्विचवरून फक्त रिलेपुरता करंट जातो आणि तिकडं बारीक वायर चालते. फ्यूज मात्र बॅटरीजवळ, आणि वायर सोसेल त्यापेक्षा कमीचा. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरीसाठी असतो. त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांना मी हात जोडतो, कारण मग सगळी वायरच फ्यूज होते.

अर्थकडं कुणी बघत नाही. स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो, त्याला २५ ते ३५ चौरस मिलिमीटरची केबल लागते. पण जेवढा करंट जातो, तेवढाच परत यायला हवा. एका जुन्या अँबॅसेडरला नवी कोरी बॅटरी केबल होती, तरी स्टार्टर कण्हत होता. सेल्फ मारून मी डॅशबोर्डपासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या चोकच्या केबलला हात लावला, तर चटका बसला. इंजिन आणि बॉडीमधली अर्थ पट्टी गंजून तुटली होती, आणि तो सगळा करंट बिचाऱ्या चोकच्या केबलमधून परत येत होता.

माझी फियाट बाहेर उभी आहे, मल्टिमीटरही आणलाय. चहा झाला की बॉनेट उघडू.