बॅटरी भरलेली आहे, पण तिच्यात दम आहे का?

मंडळी, नेहमीच्या गोंधळापासूनच सुरुवात करू. सकाळी गाडी सुरू होत नाही. कोणीतरी मल्टीमीटर लावतो, तो १२.५ दाखवतो आणि निकाल लागतो, ‘बॅटरी चांगली आहे, सेल्फ गेलाय.’ दुसऱ्या एखाद्या गाडीत मीटर ११.९ दाखवतो आणि त्याच दिवशी नवी बॅटरी बसते. दोन्ही निकाल चुकीचे ठरू शकतात, कारण मीटर जे बोललाच नाही ते आपण त्याच्या तोंडी घालतो. उभ्या गाडीत मोजलेलं व्होल्टेज बॅटरी किती भरलेली आहे एवढंच सांगतं. तिची तब्येत भार टाकल्याशिवाय कळत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असली, तरी पाइपात क्षार साचले असतील तर धार करंगळीएवढीच येणार.

डिजिटल मीटर बॅटरीतून जेमतेम एक मायक्रोॲम्पिअर ओढतो. कारचा सेल्फ ओढतो दीडशे-दोनशे ॲम्पिअर, आणि चालू होण्याच्या पहिल्या क्षणी त्याहूनही बराच जास्त. इतक्या फुकटात घेतलेल्या मुलाखतीवरून कामाचा अंदाज कसा बांधायचा? म्हणून एकाच बॅटरीला तीनदा विचारायचं: विश्रांतीत, सेल्फ मारताना आणि इंजिन चालू असताना.

आधी विश्रांती. मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा. काळा प्रोब निगेटिव्हवर, लाल पॉझिटिव्हवर; पण टोकं टेकवायची ती शिशाच्या खांबावर, त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर नाही. हा भेद पुढे कामाला येतो. गाडी नुकतीच चालवलेली असेल किंवा चार्जर नुकताच काढला असेल, तर मीटर १३ च्या आसपास दाखवतो. तो प्लेटांच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता चार्ज असतो. हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावून बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग मोजा. गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तमच.

लेड ॲसिड बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट. म्हणजे पूर्ण भरलेली १२.६ ते १२.७. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ म्हणजे उतरलीच. एजीएम बॅटरीचे (तिच्यात ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेलं असतं) आकडे थोडे वर असतात, भरल्यावर १२.८ किंवा त्याहून किंचित जास्त. सगळा पल्ला जेमतेम एका व्होल्टात बसतो, त्यामुळे दशांशाला किंमत आहे.

तेव्हा ११.९ दाखवणारी बॅटरी फक्त उपाशी असू शकते. ती आधी पूर्ण चार्ज करायची. मग केबल काढून बारा तास बाजूला ठेवायची आणि पुन्हा मोजायची. १२.६ टिकले तर पुढच्या परीक्षेला बसवा. १२.२ वर घसरली तर ती आतल्या आत गळते आहे. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकली तर हिशेब सरळ आहे: सहातला एक सेल शॉर्ट झालाय, दोन व्होल्ट गायब. तिला आणखी चार्जिंग करत बसू नका. उरलेले पाच सेल मात्र जास्त व्होल्टेजखाली उकळतात. चार्जरला लावताच व्होल्टेज झपाट्याने चढतं पण करंट घेतच नाही, असं दिसलं तर सल्फेशनचा संशय घ्या. बॅटरी बरेच दिवस उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक स्फटिक होऊन बसतं आणि चार्जिंगला दाद देत नाही.

आता भार. सेल्फ मारायच्या आधी हेडलाइटने एक छोटी चाचणी होते. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे मिळून साधारण ९ ॲम्पिअर ओढतात. समजा दिवे लावण्याआधी १२.६२ होते आणि लावल्यावर काही सेकंदांत १२.४४ झाले. फरक ०.१८ व्होल्ट, भागिले ९. अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीचा आतला अडथळा, ०.०२ ओहम, म्हणजे २० मिलिओहम. दिव्यांना काही फरक पडत नाही. पण सेल्फ १५० ॲम्पिअर मागतो, तेव्हा १५० गुणिले ०.०२, म्हणजे ३ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच अडकतात आणि बाहेर ९.६ उरतात. धडधाकट बॅटरीचा रोध ५ ते १० मिलिओहम असतो; तिथे हाच फटका एक-दीड व्होल्टाचा. हिशेब ढोबळ आहे, एलईडी दिव्यांवर तर जमतच नाही, पण ‘१२.६ असूनही गाडी का उठत नाही’ याचं उत्तर त्यात आहे.

प्रत्यक्ष क्रँकिंगच्या, म्हणजे सेल्फने इंजिन फिरवण्याच्या वेळी इंजिन पेटू द्यायचं नाही. पेट्रोल गाडीत इंधनपंपाचा फ्यूज काढा, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. दुसऱ्याला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही आकडा बघा. १० च्या वर राहिला तर बॅटरी ठीक. ९.६ च्या खाली गेला आणि बॅटरी पूर्ण चार्ज होती, तर ती संपत आली आहे. कडाक्याच्या थंडीत थोडी सूट द्या. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे पहिल्या क्षणाची खोल बुडी त्याला दिसत नाही. मीटरला सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणारं मिन-मॅक्सचं बटण असेल तर वापरा, पण त्याचा किमान आकडा या मर्यादेशी ताडू नका.

खरी मजा उलट्या बाजूला आहे. सेल्फ रडत फिरतोय आणि बॅटरीच्या खांबांवर मात्र ११.५ टिकून आहेत. म्हणजे तिच्याकडून पुरेसा करंट मागितलाच जात नाही. अशा वेळी बॅटरी बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सेल्फ मारत असतानाच एक प्रोब खांबावर आणि दुसरा त्याच खांबाच्या क्लॅम्पवर ठेवा. जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा-एक व्होल्ट आला, तर मधल्या पांढऱ्या-हिरवट थरात करंट अडकतोय. क्लॅम्प काढा, घासा, आवळा. मग निगेटिव्ह खांब ते इंजिन ब्लॉक: ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त नको, जास्त असेल तर अर्थिंगची पट्टी बघा. पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट: ०.५ च्या आत. सगळं आत बसलं, तर मात्र सेल्फ उतरवायला हरकत नाही.

इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ हवेत. दिवे आणि पंखा लावूनही १३.५ च्या खाली घसरत असेल, तर आधी बेल्ट आणि मग अल्टरनेटर (बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) तपासा. सतत १५ च्या वर असेल तर त्याचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, पाणी उडतं, बॅटरी फुगते. अलीकडच्या गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरला मुद्दाम वर-खाली करतो. तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नका.

बॅटरी चांगली, चार्जिंगही चांगलं, तरी दोन दिवस गाडी उभी राहिली की उतरते? मग करंट मोजा. लाल वायर १० ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये, निगेटिव्ह केबल सोडवून मीटर तिच्या आणि खांबाच्या मध्ये. सुरुवातीला काही ॲम्पिअर दिसतात, घाबरू नका. गाडीतले मॉड्यूल झोपायला अर्धा-पाऊण तास घेतात. नंतर ५० मिलिॲम्पिअरच्या आत यायला हवं. ५०० राहिले तर दिवसाला १२ ॲम्पिअर-तास जातात, ४५ ची बॅटरी चार दिवसांत रिकामी. एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा कोसळतो ती लाइन शोधा. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. काम झाल्यावर लाल वायर आठवणीने व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत लावा. ती १० ॲम्पिअरमध्येच राहिली आणि पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला प्रोब खांबांना टेकवले, तर तो थेट शॉर्ट असतो, आणि बॅटरीवर हायड्रोजन साचलेला असू शकतो.