समजलं ना, असं विचारू नका

(बडोद्यात दांडिया बाजारात नवरात्राच्या आदल्या आठवड्यात एका निवृत्त नर्सिंग शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझी आत्या रावपुऱ्यात राहायची. मधुमेह जुना. एकदा साखर फार वाढली म्हणून चार दिवस दवाखान्यात होती. घरी सोडताना तिथल्या सिस्टरनी सगळ्या गोळ्या समजावल्या आणि शेवटी सांगितलं, "पायांची काळजी घ्या हं. समजलं ना?" आत्या म्हणाली, "हो, समजलं."

आणि तिने मनापासून काळजी घेतली. आमच्या घरात पायांची काळजी म्हणजे काय, तर रात्री घमेल्यात कढत पाणी, त्यात मूठभर मीठ आणि अर्धा तास पाय सोडून बसायचं. तिच्या आईने तेच केलं होतं. आत्याने रोज न चुकता केलं. पाणी किती कढत आहे ते तिच्या पावलांना कळतच नव्हतं. एके दिवशी चादरीला ओल लागली तेव्हा करंगळीवरचा फोड दिसला, तोही फुटल्यावर. पुढे ती करंगळी काढावी लागली.

मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आत्याला जे वाक्य सांगितलं गेलं, अगदी तेच मी वॉर्डात रोज दहा जणांना सांगत होते. "पगनी काळजी राखजो, समज पडी?" "हा बेन, पडी गई." की मी पुढच्या खाटेकडे. हे मला अजून बोचतं, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे.

साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा खराब होतात आणि सर्वांत लांब नसांना आधी झळ पोचते. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. काहींना मुंग्या येतात, जळजळ होते, ते बिचारे निदान डॉक्टरकडे जातात. पण पुष्कळांना काहीच होत नाही, आणि 'काहीच होत नाही' हीच खरी अडचण आहे. खडा टोचला, चप्पल घासली, पाण्याने भाजलं, तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. त्यात पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असला तर जखम भरत नाही. पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं, हे एवढंसं वाक्य आत्याला कुणी सांगितलं असतं तर!

पण नुसतं सांगूनही भागलं नसतं. नेदरलंड्सचे संशोधक रॉय केसेल्स यांनी २००३ साली या विषयावरचं संशोधन एकत्र मांडलं. दवाखान्यात सांगितलेल्या गोष्टींपैकी ४० ते ८० टक्के रुग्ण लगेच विसरतात, आणि जे लक्षात राहतं त्यातलं जवळजवळ निम्मं चुकीचं लक्षात राहतं. यात रुग्णाचा दोष नाही. माणूस घाबरलेला असतो, घरी जायची घाई असते, बाहेर रिक्षा थांबलेली असते.

यावर नर्सिंगमध्ये एक साधा उपाय रुळला आहे. रुग्णाकडून परत सांगून घ्यायचं. "समजलं ना?" याला उत्तर एकच येतं, "हो." त्याऐवजी म्हणायचं, "काकू, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. आता घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" परीक्षा माझी आहे, काकूंची नाही, हे त्यांना कळलं पाहिजे. आत्याला कुणी असं विचारलं असतं, तर ती लगेच म्हणाली असती, "रोज मिठाच्या कढत पाण्यात पाय ठेवीन." तिथेच चूक सापडली असती. अर्धं मिनिट लागलं असतं.

इथे नर्सिंगच्या मुली बसल्या आहेत, त्यांच्याशी जरा स्पष्ट बोलते. आपल्याकडे एमएस्सीला 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम'वर ढीगभर प्रबंध होतात. आधी प्रश्नावली देऊन प्री-टेस्ट घ्यायची, तक्ते दाखवून पाऊण तास शिकवायचं, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची. गुण वाढतात, टी-टेस्ट नावाची आकडेवारीची कसोटी लावली की निकाल 'सिग्निफिकंट' येतो, म्हणजे ही वाढ नुसता योगायोग नाही असं ठरतं. मी स्वतः असे प्रबंध तपासले आहेत, मुलींकडून करूनही घेतले आहेत. त्यातून काय कळलं? सांगितलेलं सात दिवस लक्षात राहतं एवढंच. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या जातात का, हे प्रश्नावलीतल्या टिकमार्कवरून कळत नाही. दीड महिन्याने त्या घरी जा. मोरीपाशी उभं राहून बघा. पाय पुसायला वेगळं फडकं आहे का? तळवा बघायला आरसा आहे का, की तो कपाटावर उंच टांगलाय? कुरूप कापायला ब्लेड ठेवलंय का? ते दिसलं तर शांतपणे मागून घ्या आणि वहीत लिहा. ते तुमचं संशोधन. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं १८५९ सालचं शुश्रूषेवरचं पुस्तकसुद्धा नर्सेससाठी नव्हतं, घरी आजाऱ्याचं करणाऱ्या बायकांसाठी होतं. आपला विषय मुळातच घरातला आहे.

एकदा शिकवून सोडून दिलं की ते टिकत नाही, हे बडोद्याला मी वेगळं सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर अक्षरं पुसली जातात, हे त्यांनी ओळखलं. म्हणून १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. आरोग्यशिक्षणाला अशाच फिरत्या पेट्या हव्यात. आपल्याकडे त्या आशाताईंच्या आणि एएनएमच्या, म्हणजे गावोगावच्या नर्सताईंच्या रूपात आहेतच. त्यांच्या हातात रुग्णाला काय विचारायचं ते द्यायला हवं.

आता पुढच्या आठवड्याचं बोलू. आपल्या गावात गरबा अनवाणी खेळतात. आपल्या मराठी घरांतही नवरात्रात अनवाणी राहण्याचा नेम असतो, कुणी पावागढला चालत जातं. मला या श्रद्धेबद्दल आदर आहे, माझ्याही घरी घट बसतात. पण पायाची संवेदना गेलेल्या माणसाने रस्त्यावर किंवा मैदानावर अनवाणी जाऊ नये, यात मी तडजोड करणार नाही.

मात्र हे ऐकवून चालत नाही. एक काकू होत्या, अठरा वर्षांचा नेम. मी रागावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि अनवाणीच गेल्या. पुढच्या वर्षी मी त्यांच्या घरी बसले आणि विचारलं, "तुमच्या पायाला आता कळत नाही, हे देवीला माहीत आहे. तिला काय चालेल, तुम्हीच सांगा." बराच वेळ त्या देव्हाऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रस्त्यावर चप्पल घालीन, देवळाच्या पायरीशी काढीन. आणि रोज सप्तशतीचा एक अध्याय जास्त वाचीन." मला हे सुचलंही नसतं आणि सांगायचं धाडसही झालं नसतं. त्यांनी ते नऊ दिवस पाळलं. रोज रात्री सून पाय कोमट पाण्याने धुऊन बॅटरीच्या उजेडात तळवे बघत होती. पांढरे सुती मोजे काढले की त्यावर डाग आहे का, तेही बघत होती. कुठे रक्त आलं तर पांढऱ्यावर लगेच दिसतं.

२०२३ साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचं सांगितलं. तेव्हा या सभागृहातही पुष्कळ जण असणार. संवेदना तपासायला दवाखान्यात दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा असतो. तो नसेल तरी चालेल. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी २०११ साली नुसत्या बोटाच्या स्पर्शाची तपासणी प्रसिद्ध केली, ती घरी कुणालाही करता येते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी डोळे मिटायचे. शेजाऱ्याने तर्जनीचं टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद अलगद लावायचं. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, चोळायचं नाही. स्पर्श कळला की त्यांनी 'डावा' किंवा 'उजवा' म्हणायचं. काहीच म्हणाले नाहीत तर पुन्हा लावून बघायचं नाही, तसंच लिहायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर दारापाशी टेबलावर आमच्या मुली बसल्या आहेत, त्यांना भेटल्याशिवाय घरी जाऊ नका.

चला, पहिल्या रांगेपासून सुरू करू. चपला खुर्चीखाली सरकवा, मोजे काढा. आणि मुलींनो, तपासणी झाली की कुणालाही "समजलं ना?" असं विचारायचं नाही.