बुटांच्या खोक्यातला जीवाश्म

श्रोतेहो, नमस्कार. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत मगरीच्या सर्वांत जवळच्या नात्यातलं कोण? सरडा वाटेल, पाल वाटेल. पण ते आहेत पक्षी. पुन्हा सांगते, मगरीचे जवळचे नातलग पक्षी आहेत. कारण पक्षी डायनासोरांच्या वंशातले आहेत, आणि डायनासोर व मगरी यांचा पूर्वज एकच.

आता मला फार आवडणारा एक प्रसंग ऐका. येल विद्यापीठाचे जॉन ऑस्ट्रम यांना 1964 साली अमेरिकेतल्या मोंटानात डायनोनिकस सापडला. चपळ शिकारी डायनासोर, दोन पायांवर धावणारा. पुढे 1970 मध्ये ते टेरोसॉर या उडणाऱ्या प्राचीन सरीसृपांचे जीवाश्म तपासायला युरोपात गेले. नेदरलँड्सच्या हार्लेम शहरात, टायलर्स संग्रहालयात, एक दगड होता. 1857 पासून त्यावर टेरोसॉरचंच नाव. ऑस्ट्रम यांना काहीतरी खटकलं. दगड घेऊन ते खिडकीशी गेले. तिरपा उजेड पडला आणि पिसांचे पुसट ठसे दिसू लागले! म्हणजे हा तर आर्किऑप्टेरिक्स, आद्य पक्षी मानला जाणारा प्राणी, साधारण 15 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचे तेव्हा जगात मोजकेच सांगाडे ठाऊक होते.

आता पेच आला. खरं सांगावं, तर संग्रहालय दगड अभ्यासाला देईल का? ऑस्ट्रम यांनी खरं सांगून टाकलं. अभिरक्षकांनी दगड उचलला आणि ते खोलीबाहेर निघून गेले. संपलं सगळं, असं ऑस्ट्रम यांना वाटलं. थोड्या वेळाने अभिरक्षक परत आले. हातात बुटांचं जुनं खोकं, सुतळीने बांधलेलं. आत तोच दगड! घेऊन जा, म्हणाले, तुम्ही आमच्या संग्रहालयाचं नाव मोठं केलंत.

किती मोठं मन! संग्रहालयांच्या कोठारांना दालनांइतकाच पैसा मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे. दिव्यांच्या रोषणाईवर खर्च होतो, आणि जुने कप्पे पुन्हा उघडून पाहायला माणूस नसतो. शाळेत मुलांकडून डायनासोरांची नावं घोकून घेतात, त्यापेक्षा एक हाड हातात द्यावं.

असो. ऑस्ट्रम यांनी आर्किऑप्टेरिक्स आणि डायनोनिकस शेजारी ठेवून पाहिले. हाताला तीन बोटं, मनगटात अर्धचंद्राकृती हाड, दोघांतही. इंग्लिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी शंभर वर्षं आधी पक्षी आणि डायनासोर यांचं हेच नातं सुचवलं होतं, पण ते मागे पडलं होतं. मग 1996 मध्ये चीनच्या लिआओनिंगमधून सायनोसॉरोप्टेरिक्स उजेडात आला. डायनासोर, आणि अंगावर पिसांसारखे तंतू! हार्लेमच्या दगडाचा 2017 मध्ये पुन्हा अभ्यास झाला. तो आर्किऑप्टेरिक्सही नाही, पक्ष्यांसारखाच दुसरा एक डायनासोर आहे, असं अभ्यासकांनी मांडलं, आणि त्याला नाव दिलं ऑस्ट्रोमिया.

मगरीचं हृदय पाहा. चार कप्पे, पक्ष्यासारखे. सरड्याच्या हृदयाला तीनच. मगरीची मादी घरट्याची राखण करते, पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते. तेव्हा मगरीला सरीसृपांत ठेवायचं असेल, तर पक्ष्यांनाही तिथेच जागा द्यावी लागते. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी बाकीचे डायनासोर संपले. ही एक शाखा टिकली, आणि आज तिच्या सुमारे 10 हजार जाती आहेत.